फूटपाथवरचे गाणे आणि रेल्वे कारखान्यातला कवी

विहाराच्या स्मरणिकेत सिनेमाच्या गाण्यांवर लेख कशाला, असे काही वडीलधाऱ्यांना वाटेल. पण जयंतीच्या रात्री भीमगीतांचा कार्यक्रम आटोपला की त्याच लाऊडस्पीकरवर राज कपूरच्या पिक्चरची गाणी लागायची, हे आपल्या वस्त्यांना काही नवीन नाही. ती गाणी आपण तोंडपाठ केली. लिहिली कोणी, हे मात्र फारसे विचारले नाही. नाव होते ते नटाचे, नाहीतर गायकाचे.

शैलेंद्र यांचे मूळ नाव शंकरदास केसरीलाल. जन्म ३० ऑगस्ट १९२३, रावळपिंडीला. घराणे बिहारातल्या आरा भागातले, अस्पृश्य मानल्या गेलेल्या चांभार जातीचे. बालपण मथुरेत गेले. पुढे मुंबईत माटुंग्याच्या रेल्वे कारखान्यात नोकरी लागली. दिवसा कारखाना आणि संध्याकाळी 'इप्टा'च्या मंचावर कविता, असा त्यांचा क्रम. संपावरच्या कामगारांसाठी त्यांनी रचलेली घोषणा आजही मोर्चांत ऐकू येते, देणाऱ्याला कवीचे नाव ठाऊक नसले तरी! १९४७ साली जळत्या पंजाबवरची त्यांची कविता राज कपूरने ऐकली आणि सिनेमासाठी विकत मागितली. कविता विकायची नाही, असे सांगून शैलेंद्रनी त्यांना वाटेला लावले. पण पत्नीच्या बाळंतपणाच्या वेळी पैशाची नड आली, तेव्हा ते आपणहून राज कपूरकडे गेले. 'बरसात' (१९४९) ची दोन गाणी त्यातून झाली. पोट कोणाला चुकले आहे?

'श्री ४२०' (१९५५) मधले बूट-टोपीचे गाणे सगळ्यांना पाठ आहे. देशभक्तीचे गाणे म्हणून ते शाळेतही म्हणतात. पण गाणारा कोण, ते बघा. अलाहाबादहून पायी मुंबईला निघालेला बेकार पोरगा. अंगावरचे काहीच धड नाही, आणि मनात आले तर सिंहासनावर जाऊन बसू, असे तो हसत हसत म्हणतो. त्याच पिक्चरमध्ये मन्ना डे यांनी गायलेले फूटपाथवरचे गाणे आम्हाला त्याहून मोठे वाटते. डफली वाजवत तो सांगतो की आपण लहानशा घरातले गरिबाचे लेकरू, भुकेनेच आपल्याला लाडाने वाढवले. मुक्काम समोर दिसतो, पण पायात बेडी आहे आणि पैसेवाला मध्ये तंगडी घालतो. मग हळूच बजावतो, अर्ध्या रात्री ओरडू नका, पोलीस धरून नेईल. ऐकणारे फूटपाथवरचे लोक खो खो हसतात. गरिबाने आपले गाऱ्हाणे चेष्टेतच सांगायचे, सरळ बोलला तर चौकीत, ही गोष्ट इतक्या सोप्या चालीत दुसऱ्या कोणी घातल्याचे आम्हाला आठवत नाही.

'बूट पॉलिश' (१९५४) मधल्या गाण्यात मुलांना विचारतात, मुठीत काय आहे? मुले म्हणतात, आमचे नशीब. भिकेत मोती मिळाला तरी घेणार नाही, हेही तीच सांगतात. नशिबाच्या नावाने पिढ्यान् पिढ्या बसवून ठेवलेल्या घरांतून हे गाणे वाजले, तेव्हा आयाबायांना ते उगीच नाही आवडले.

तरीही एक गोष्ट खटकते. या गाण्यांत गरीब आहे, पैसेवाला आहे, पोलीस आहे. जात मात्र कुठेच नाही. स्वतः शैलेंद्रच्या जातीची जाहीर चर्चाही अलीकडेच, त्यांच्या मुलाने लिहिल्यावर, झाली. आपले वामनदादा कर्डक (जन्म १९२२) जवळजवळ त्याच वयाचे, मुंबईतच मजुरी केलेले, १९४३ पासून गाणी लिहिणारे. त्यांनी जातीचे नाव घेऊन लिहिले, आणि त्यांची गाणी वस्तीवस्तीतून फिरली. शैलेंद्रची गाणी रशियापर्यंत गेली, पण त्यांत कवीचे स्वतःचे घर दिसत नाही. यात कोणाला दोष द्यावा, हे आम्हाला ठरवता येत नाही. बाजाराला गरिबी चालत होती, जात चालत नव्हती, एवढे मात्र दिसते.

मिळवलेला पैसा त्यांनी 'तीसरी कसम' मध्ये घातला. फणीश्वरनाथ रेणूंच्या कथेतला बैलगाडीवाला हिरामन हा त्याचा नायक. १९६६ मध्ये पिक्चर आला तेव्हा चालला नाही, कर्ज मात्र झाले. १४ डिसेंबर १९६६ रोजी, राज कपूरच्या वाढदिवशी, शैलेंद्र गेले. वय अवघे ४३. 'तीसरी कसम'ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो त्यानंतर.