आजीच्या लुगड्याचं वॉल हँगिंग घरी कसं करायचं? कात्री लावण्याआधी हे वाचा

कपाटाच्या वरच्या फळीवर, जुन्या चादरीत गुंडाळलेलं एखादं नऊवारी अनेक घरांत असतं. आजी गेली, लुगडं राहिलं. ते आता कुणी नेसत नाही, कुणाला द्यावंसं वाटत नाही आणि टाकवतही नाही. दर दिवाळीच्या साफसफाईत ते बाहेर निघतं आणि पुन्हा घडी होऊन आत जातं. इकडे घडीच्या रेघांवर कापड मात्र हळूहळू विरत असतं.

अशा कापडाचे तुकडे जोडून, त्यावर थोडं भरतकाम करून भिंतीवर लावायचं वॉल हँगिंग करता येतं. एका मिनिटाच्या रीलमध्ये हे काम सोपं दिसतं. प्रत्यक्षात ते तीन ठिकाणी फसतं: विरलेल्या जागेचा तुकडा कापला जातो, धुताना रंग उतरतो, आणि टांगल्यावर महिनाभरात मधोमध झोळ येतो. बाजारातून आणलेलं कापड बिघडलं तर दुसरं आणता येतं, आजीचं लुगडं आणता येत नाही. म्हणून या तिन्ही गोष्टींचा विचार आधीच करायला हवा.

गोधडी आणि तिची भावंडं

हे तंत्र महाराष्ट्राला नवीन नाही. जुन्या लुगड्यांचे आणि धोतरांचे थर एकावर एक पसरून त्यांना धावदोऱ्याने शिवलं की गोधडी होते. काही भागांत तिलाच वाकळ म्हणतात. फाटक्या जागी ठिगळ, कडेला गोट आणि सगळीकडे जवळजवळ दोरे, एवढीच तिची रचना.

अशीच कामं देशभर आहेत. बंगालात कांथा, बिहारमध्ये सुजनी, कर्नाटकात कौदी, कच्छ-राजस्थानकडे रल्ली. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी समाजातल्या बायका आपल्या गोधडीला कवंदी म्हणतात. त्या तुकडे आधी जोडून घेत नाहीत. खालच्या कापडावर कडेपासून एकेक तुकडा ठेवत, शिवत मध्यापर्यंत येतात. ओडिशातल्या पिपलीमध्ये जगन्नाथाच्या उत्सवासाठी कापडावर कापड शिवून चांदवे बनतात. सौराष्ट्रात दारावरची तोरणं आणि भिंतीवरचे चौकोनी चाकळे मुलीच्या आणामध्ये, म्हणजे सासरी न्यायच्या सामानात असत.

गोधडी आणि वॉल हँगिंग यांत एक मोठा फरक आहे. गोधडीचं वजन अंथरुण पेलतं. टांगलेल्या कापडाचं सगळं वजन वरच्या कडेवर येतं आणि तेही रात्रंदिवस. पुढचं सगळं काम याच एका गोष्टीभोवती फिरतं.

कोणता भाग कापावा

लुगडं खिडकीसमोर धरून उजेडात पाहावं. जिथे धागे विरळ दिसतात ती जागा कमजोर. मग दोन्ही हातांत धरून आडवं आणि उभं अगदी हलकं ताणावं. करकर असा बारीक आवाज आला किंवा धागे सरकले, तर तो भाग कापून वापरू नये. जुनं रेशीम घडीवर तडकतं, जरीच्या काठाशेजारी ते आधी फाटतं.

नऊवारी म्हणजे साधारण सव्वाआठ मीटर कापड. दीड फूट बाय दोन फुटांच्या हँगिंगला त्यातलं पाऊण ते एक मीटर पुरतं. त्यामुळे पदर कापायची गरज नसते. निऱ्यांच्या आत राहिलेला भाग बहुतेक वेळा सर्वांत कमी झिजलेला असतो, तुकडे तिथून घ्यावेत. बाकीचं लुगडं पूर्ण राहतं.

रंग पक्का आहे का, हे पाहायला पांढरा सुती रुमाल ओला करून कापडाच्या टोकावर थोडा वेळ दाबून धरावा. रुमालाला रंग लागला तर ते कापड घरी धुवू नये, सावलीत वाऱ्यावर टाकून मऊ ब्रशने झटकावं. मिठाच्या किंवा व्हिनेगरच्या पाण्यात भिजवलं की रंग पक्का होतो असं सांगतात. आधीच रंगवलेल्या कापडाच्या बाबतीत त्यावर भरवसा ठेवता येत नाही. जोडीला नवं सुती कापड किंवा खण वापरायचा असेल, तर तोही रंग तपासून, एकदा धुऊन, वाळवून, इस्त्री करून घ्यावा. नवं सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं. शिवल्यानंतर आटलं तर शेजारच्या जुन्या कापडाला चुण्या पडतात.

माप आणि साहित्य

पहिल्या कामासाठी 6 इंचांचे 12 चौकोन, म्हणजे आडवे 3 आणि उभे 4, हे सोयीचं माप. हँगिंग साधारण 18 बाय 24 इंचांचं होतं. शिवणीसाठी चारही बाजूंनी पाव इंच धरून प्रत्येक चौकोन साडेसहा इंचांचा लागतो.

मधल्या थरासाठी जुनी, मऊ झालेली सुती चादर आणि मागच्या अस्तरासाठी घट्ट विणीचं सुती कापड, दोन्ही 20 बाय 26 इंच. गोटासाठी 2 इंच रुंदीची पट्टी, जोड धरून सुमारे 95 इंच लांब. बाकी सुया, टाचण्या, भरतकामाचा सहा पदरी सुती दोरा, शिवणाचा जाड सुती दोरा, शिंप्याचा खडू आणि लाकडी रिंग. बॉलपेन किंवा जेलपेनने खुणा करू नयेत, त्या जात नाहीत.

आधी भरतकाम, मग जोडणी

भरतकाम कापडाला आत ओढतं. साडेसहा इंचांच्या चौकोनावर दाट फूल भरलं तर तो चौकोन लहान होतो आणि शेजारच्याशी जुळत नाही. म्हणून ज्या चौकोनांवर भरायचं आहे ते आधी 8 इंचांचे कापावेत, भरून झाल्यावर उलट्या बाजूने इस्त्री करावी आणि मगच साडेसहा इंचांवर आणावेत.

बारापैकी चार-पाच चौकोन भरले तरी पुरे. देठांना उलटी टीप किंवा साखळी टाका, पानांना भरीव टाका आणि फुलाच्या मध्याला गाठीचा टाका, एवढ्यावर बरंच काम होतं. सहा पदरी दोऱ्यातले दोन-तीनच पदर सुईत घ्यावेत. लुगड्यातल्याच रंगाचा दोरा घेतला तर कापड पुढे येतं आणि भरतकाम त्याच्यावर चढून बसत नाही.

जुन्या कापडाच्या मागे मलमलचा तुकडा कच्च्या टाक्यांनी जोडून मगच ते रिंगमध्ये लावावं, आणि काम थांबलं की रिंग काढून ठेवावी, नाहीतर गोल वण उमटतो. काचेचे आरसे पातळ लुगड्यावर लावू नयेत. त्यांचं वजन कापड ओढतं आणि धारेने दोरा कापला जातो.

भरून झाल्यावर चौकोन जमिनीवर मांडून पाहावेत. मोबाईलवर फोटो काढला की गडद रंग एकाच बाजूला गोळा झालेत का ते लगेच कळतं. आधी आडव्या ओळी जोडाव्यात, मग ओळीला ओळ. प्रत्येक जोडानंतर इस्त्री हवी.

तीन थर आणि धावदोरा

खाली अस्तर उलटं, त्यावर चादर, वर जोडलेले चौकोन सुलटे. तिन्ही थर हाताने सपाट करून मध्यापासून कडेकडे चार-चार इंचांवर कच्चे टाके घालावेत. ही पायरी वगळली की मागच्या बाजूला चुण्या पडतात.

धावदोऱ्याची सुरुवातही मध्यापासून करावी. दोन ओळींत अर्धा ते एक इंच अंतर ठेवावं. या ओळी शोभेच्याच नाहीत. प्रत्येक टाका जुन्या कापडाला मागच्या मजबूत थराशी बांधतो, त्यामुळे वजन एकट्या लुगड्यावर न येता तिन्ही थरांत वाटलं जातं. दोरे जितके विरळ, झोळ तितका लवकर. दोरा मात्र ओढून घट्ट करू नये, टाका कापडावर नुसता बसला पाहिजे. शेवटी कच्चे टाके उसवावेत, कडा सरळ कापाव्यात आणि गोट लावावा.

सर्वांत महत्त्वाचा भाग: नेफा

वरच्या दोन कोपऱ्यांना लूप लावले की सगळं वजन दोन बिंदूंवर येतं आणि मध्य खाली येतो. त्याऐवजी पायजम्याला नाडीसाठी असतो तसा नेफा मागच्या बाजूला शिवावा. त्यासाठी 18 बाय 5 इंचांची पट्टी घ्यावी, तिची दोन्ही टोकं अर्धा-अर्धा इंच दुमडावीत आणि तिची लांब नळी शिवावी. ही नळी वरच्या कडेखाली मागच्या बाजूला वरून आणि खालून हाताने जोडावी. टाके अस्तर आणि मधल्या चादरीतून जावेत, पुढे दिसू नयेत. नळी किंचित सैल ठेवली की काठीचा उंचवटा पुढून दिसत नाही.

त्यात अर्धा इंच जाडीची, 18 इंच लांबीची लाकडी काठी घालून दोन्ही टोकं खिळ्यांवर टेकवावीत. आता वजन पूर्ण रुंदीवर सारखं पडतं. ग्लू गन किंवा डिंक वापरून कापड पुठ्ठ्यावर चिकटवू नये. डिंक पिवळा आणि कडक होतो, आणि पुढे कापड सोडवता येत नाही.

कुठे लावावं

उजेडाने उडालेला रंग परत येत नाही. संग्रहालयांत जुन्या कापडांवर साधारण 50 लक्स इतकाच मंद प्रकाश ठेवतात. घरात खिडकीजवळ दिवसा त्याच्या कितीतरी पट उजेड असतो. त्यामुळे ऊन येणारी भिंत, गॅसजवळची भिंत आणि बाथरूमला लागून असलेली ओलसर भिंत टाळावी.

कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात भिंतीला ओल येते. हँगिंग आणि भिंत यांत अर्धा इंच तरी हवा खेळती हवी. जून ते सप्टेंबर ते उतरवून, घडी न घालता सुती कापडासोबत गुंडाळून ठेवलं तर बुरशी आणि कसर यांचा धोका कमी होतो. काचेच्या फ्रेममध्ये बसवायचं असेल तर काच कापडाला टेकू देऊ नये.

मागे लिहायची एक ओळ

शेवटी अस्तरावर पांढऱ्या कापडाची छोटी पट्टी शिवावी. लुगडं कुणाचं, ते कुठे आणि कधी घेतलेलं, हँगिंग कोणी आणि कोणत्या वर्षी शिवलं, हे त्यावर उलट्या टिपेने भरावं. आज घरात हे सगळ्यांना ठाऊक असतं. आजीला न पाहिलेल्या नातवंडांना ते या पट्टीवरूनच कळेल.