लोखंडाचं वजन मोबाईलवर कसं काढायचं? पत्रा, पाइप, अँगल आणि सळईची सोपी पद्धत

आमच्या सोमेश्वरनगरला वजनकाटा काय असतो हे कुणाला शिकवावं लागत नाही. साखर कारखान्यामुळे उसाच्या गाडीचं भरलेलं वजन, रिकामं वजन आणि काट्याची पावती यावर घरातल्या सगळ्यांचं लक्ष असतं. पण त्याच घरात गोठ्याचं शेड, गेट किंवा ट्रॉलीचं काम निघालं, की लोखंडाचं बिल मात्र आपण न बघता देऊन टाकतो. खरं तर हे वजन माल घेण्याआधीच मोबाईलच्या साध्या कॅल्क्युलेटरवर काढता येतं. कसं, ते आज बघू.

मूळ गोष्ट एकच

शाळेतलं सूत्र आठवा: वजन = आकारमान × घनता. साध्या लोखंडाची (माइल्ड स्टील) घनता ७.८५ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर धरतात. आता १ मिमी रुंद, १ मिमी जाड आणि १ मीटर लांब अशी बारीक काडी डोळ्यांसमोर आणा. तिचं आकारमान बरोबर १ घन सेंटिमीटर भरतं, म्हणजे वजन ७.८५ ग्रॅम. म्हणून:

एका मीटरचं वजन (किलो) = कापलेल्या तोंडाचं क्षेत्रफळ (चौरस मिमी) × ७.८५ ÷ १०००

सगळी मापं मिमीमध्येच घ्या. इंच असेल तर २५.४ ने गुणा. फूट आणि मिमीची सरमिसळ झाली की उत्तर हमखास चुकतं.

आकारानुसार क्षेत्रफळ

- पट्टी: रुंदी × जाडी. ५० × ६ ची पट्टी = ३०० चौरस मिमी, म्हणजे मीटरला २.३६ किलो.
- अँगल: (एक बाजू + दुसरी बाजू − जाडी) × जाडी. ४० × ४० × ५ चा अँगल = ३७५ चौरस मिमी, म्हणजे मीटरला २.९४ किलो. तक्त्यात ३.० किलो दिसेल, कारण आतल्या कोपऱ्यात थोडं जास्त लोखंड असतं.
- चौकोनी पाइप: ४ × (बाजू − जाडी) × जाडी. कोपरे गोलसर असल्यामुळे खरं वजन किंचित कमी भरतं.
- गोल पाइप: ३.१४ × (बाहेरचा व्यास − जाडी) × जाडी. इथे एक गंमत आहे. दुकानात ज्याला 'दीड इंची' पाइप म्हणतात, त्याचा बाहेरचा व्यास ३८ नाही, तर ४८.३ मिमी असतो. त्यामुळे नावावर जाऊ नका, व्यास मोजा.
- पत्रा: १ चौरस मीटर पत्र्याचं वजन = जाडी (मिमी) × ७.८५ किलो. ८ × ४ फुटी २ मिमी पत्रा साधारण ४६.७ किलोचा.
- सळई: व्यास × व्यास ÷ १६२. हा १६२ वरच्याच सूत्रातून, वर्तुळाच्या क्षेत्रफळामुळे येतो. १२ मिमीची सळई मीटरला ०.८९ किलो, १२ मीटरची अख्खी सळई सुमारे १०.७ किलो.

खरा खेळ जाडीचा

५० × ५० चा ६ मीटर पाइप घ्या. जाडी २ मिमी असेल तर वजन सुमारे १८.१ किलो. जाडी १.६ मिमी असेल तर १४.६ किलो. रंग मारल्यावर दोन्ही पाइप सारखेच दिसतात, पण फरक साडेतीन किलोचा. शेडला असे २० पाइप लागले तर ७० किलो. भाव समजा ६० रुपये धरला, तर ४,२०० रुपये झाले.

आता हे नीट लक्षात घ्या. माल तोलून, किलोवर घेतला तर पातळ पाइपमध्ये पैसे बुडत नाहीत, ताकद कमी होते. पण काम नगावर किंवा स्क्वेअर फुटावर ठरलं असेल, तर दोन्ही जातात. म्हणून मी कोटेशनवर नेहमी जाडी मिमीमध्ये लिहून मागतो. कुणी गेज सांगितला तर १४ गेज म्हणजे साधारण २ मिमी आणि १६ गेज म्हणजे १.६ मिमी. गेजचा आकडा वाढला की जाडी कमी होते.

उलटा हिशोब

समजा '२ मिमी' म्हणून दिलेला तोच ६ मीटरचा पाइप काट्यावर १५ किलो भरला. १५ ÷ ६ = मीटरला २.५ किलो. २.५ × १००० ÷ ७.८५ = ३१८ चौरस मिमी. याला ४ × ४८ ने भागलं की १.६६ येतं. म्हणजे पाइप २ मिमीचा नाही.

थोडाफार फरक मात्र चालतो. सळईच्या भारतीय मानकात (आयएस १७८६) एकूण मालाच्या वजनात १० मिमीपर्यंत ७ टक्के, त्यापुढे १६ मिमीपर्यंत ५ टक्के आणि त्याहून जाड सळईला ३ टक्के कमी-जास्त मान्य आहे. त्यामुळे दोन टक्क्यांसाठी दुकानदाराशी भांडू नका, वीस टक्के असेल तर नक्की विचारा.

मोजताना

- कॅमेऱ्याने माप घेणारं ॲप इथे कामाचं नाही. ०.४ मिमीचा फरक त्याला कळत नाही. डिजिटल व्हर्नियर वापरा.
- कापलेल्या कडेवरची बर घासून काढा, नाहीतर जाडी जास्त दिसते.
- पाच-सहा पाइप मोठ्या वाहनकाट्यावर तोलू नका. त्याची नोंदच ५ किंवा १० किलोच्या टप्प्याने होते. दुकानातला छोटा काटा बरा.

दुसरा धातू असेल तर

सूत्र तेच, फक्त ७.८५ च्या जागी घनता बदला: ॲल्युमिनियम २.७, तांबं ८.९६, बीड साधारण ७.२. म्हणूनच त्याच मापाचं ॲल्युमिनियमचं सेक्शन लोखंडाच्या जवळजवळ एक तृतीयांश वजनाचं असतं.

मी गूगल शीटमध्ये आकार, जाडी, लांबी आणि नग असे रकाने करून ठेवलेत. मापं टाकली की वजन लगेच समोर येतं. तुम्हीही एकदा बनवून ठेवा आणि कामाची यादी हातात आली की आगाऊ रक्कम देण्याआधी भरून बघा.