तळटीप १४ : ‘द गाझी अटॅक’

१४. द गाझी अटॅक : संकल्प रेड्डी दिग्दर्शित तेलुगू-हिंदी युद्धपट (२०१७). पाकिस्तानची ‘गाझी’ पाणबुडी ३-४ डिसेंबर १९७१च्या रात्री विशाखापट्टणमजवळ बुडाली, एवढाच त्याला इतिहासाचा आधार. भारतीय नौदल याचे श्रेय ‘राजपूत’ या विनाशिकेला देते. पाकिस्तान अपघाती स्फोट मानतो. चित्रपटातली ‘एस-२१’ पाणबुडीची कामगिरी कल्पित आहे. मजकुरातील ‘तिघे’ म्हणजे आदेशाची वाट न पाहणारा कप्तान रणविजय सिंग (के. के. मेनन), नियमावर बोट ठेवणारा अर्जुन वर्मा (राणा दग्गुबाती) आणि दोघांच्या मध्ये उभा असलेला देवराज (अतुल कुलकर्णी). कप्तानाच्या मृत्यूनंतर अर्जुनही त्याचीच वाट धरतो. संयमाची बाजू मांडायला मग कोणी उरत नाही, आणि चित्रपटाचा राजकीय कौल इथेच कळतो. पूर्व बंगालची निर्वासित अनन्या (तापसी पन्नू) फारसे बोलतच नाही. युद्ध ज्यांच्या हालांतून पेटले त्यांनाच आवाज नसावा, ही मोठी उणीव आहे. शेवटी शत्रूला डिवचण्यासाठी खलाशी राष्ट्रगीत गातात. चित्रपटगृहांत तेव्हा राष्ट्रगीत सक्तीचे होते. मात्र कथेच्या ओघात ते आल्यास प्रेक्षकांनी उभे राहण्याची गरज नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १४ फेब्रुवारी २०१७ रोजी, प्रदर्शनाच्या तीनच दिवस आधी, स्पष्ट केले.