मांजर, वऱ्हाडातील पाळीव
वऱ्हाडात मांजराला घरात थारा मिळाला, तो मुख्यतः कणगीतील धान्यामुळे. अनसिंगसारख्या (ता. वाशिम) शेतीप्रधान गावी उंदरांचा उपद्रव नित्याचाच असे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ उद्‌भवल्यानंतर मांजराचे महत्त्व वाढले. उंदरांवरील पिसवांमुळे हा रोग पसरतो, असे सीमाँ या फ्रेंच वैद्यांनी १८९८ मध्ये प्रतिपादिले. अमरावती येथील वैद्यकीय अधिकारी ब्यूकॅनन यांनी १९०८ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमधील लेखात प्लेगप्रतिबंधासाठी मांजरे पाळण्याचा पुरस्कार केला. मात्र मांजरालाही प्लेग होतो व त्यापासून माणसास संसर्ग होऊ शकतो, असे पुढे आढळून आले. तरीही अंगची स्वच्छता, मऊ केस आणि मांडीवरची घुरघुर यांमुळे लागलेला लळा उपयुक्ततेपलीकडे टिकून आहे.