बकुळ : महागाव परिसरातील अंगणवृक्ष

बकुळ (मिम्युसॉप्स एलेंगी, कुल सॅपोटेसी) हा मोह आणि चिक्कू यांच्या कुळातला सदाहरित वृक्ष. कोकणात त्याला ओवळी म्हणतात. पाने जाड, चकचकीत, नागमोडी कडांची. फुले लहान, पांढुरकी, सुकल्यावरही वास धरून ठेवणारी. यवतमाळ जिल्ह्यातील महागाव तालुका पूस नदीच्या खोऱ्यात येतो. इथले रान सागाचे, पानगळीचे. बकुळ या रानाची नव्हे, सह्याद्रीच्या ओल्या जंगलांची. म्हणून ती वऱ्हाडात टिकणार नाही, असा आक्षेप घेतला जातो. पण दख्खनच्या कोरड्या पठारावर देवळांच्या आवारांत आणि रस्त्यांच्या कडेला ती पिढ्यान्‌पिढ्या उभी आहे. महागावची अडचण नुसत्या कमी पावसाची नाहीच. पाऊस जून ते सप्टेंबरमध्ये उरकतो आणि पुढचे आठ महिने जवळजवळ कोरडे जातात. शिवाय भारी काळी जमीन पावसाळ्यात चिबडते, उन्हाळ्यात भेगाळते आणि त्या भेगांत कोवळी मुळे तुटतात. मुळे या भेगाळणाऱ्या थराखाली उतरली की झाड तगते. पाण्याचा ताण सोसण्याची ताकद रोपात तयार नसते, ती पहिल्या दोन-तीन वर्षांत कमवावी लागते.

म्हणूनच रोज तांब्याभर पाणी घालणे घातक. त्याने मुळे वरच रेंगाळतात. आठ-दहा दिवसांनी आळे भरून पाणी द्यावे आणि वर सोयाबीनच्या कुटाराचे आच्छादन ठेवावे. खड्ड्यात मुरूम व शेणखत मिसळावे, रोप किंचित उंचवट्यावर लावावे. बकुळ सावकाश वाढते, हा दुसरा आक्षेप खरा आहे. गुलमोहर लवकर फुलतो यात शंका नाही; पण मादागास्करहून आलेले ते झाड सावलीची निकड असते त्या एप्रिलमध्ये बहुधा निष्पर्ण असते, आणि त्याच्या ठिसूळ फांद्या वादळात मोडतात. बकुळीची सावली भर वैशाखातही दाट राहते. ‘सदाहरित’ म्हणजे पाने गळतच नाहीत असे नव्हे. ती थोडी थोडी गळतात, झाड उघडे पडत नाही. पिकल्यावर नारिंगी होणारी, तुरट-गोड फळे अंगणात पडतात, झाडलोट वाढते. त्या फळांवर पाखरे येतात, हे मात्र विसरू नये. पहिले दोन उन्हाळे पाणी घालायला कोणी नसेल, तर कडुनिंबच लावावा. चिवटपणात तो सरस आहे. दोन्ही झाडे भिंतीपासून निदान 5 मीटर दूर असावीत, कारण मुळांनी ओल शोषली की काळी माती आक्रसते आणि पाया हलतो.