गोदावरीचा जलमार्ग आणि गोड्या पाण्यातील मालवाहू जहाजे

छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीतील माल आज रस्त्याने किंवा रेल्वेने बंदर गाठतो, आणि या मुलखाची ही रीत फार जुनी आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक व्यापारवर्णनानुसार गोदाकाठच्या पैठणचा अकीक भडोचच्या बंदराला जात असे, तोही गाड्यांतूनच. एवढी मोठी नदी जवळ असूनही तिच्यावर मोठी जहाजे का घडली नाहीत, याचे उत्तर पाण्याच्या वाटेतच शोधावे लागते.

गोड्या पाण्यातील जहाजबांधणी खऱ्या अर्थाने वाढली ती उत्तर अमेरिकेच्या महासरोवरांवर. क्लीव्हलंड येथे १८६९ मध्ये बांधलेल्या 'आर. जे. हॅकेट' या लाकडी जहाजाने तिचा साचा घालून दिला: सुकाणूघर पुढच्या टोकाला, यंत्रे मागच्या टोकाला आणि मधल्या सलग कोठारावर ठरावीक अंतराने झाकणे, म्हणजे धक्क्यावरील पन्हळींतून लोहखनिज थेट आत घसरावे. लोखंडी 'ओनोको' १८८२ मध्ये आले, पुढे पोलाद आले आणि १९७२ मध्ये १,००० फूट लांबीचे 'स्ट्युअर्ट जे. कोर्ट' आले. पण ही वाढ मोकळी नव्हती, कारण दोन दरवाज्यांच्या हौदात पाणी भरून वा सोडून जहाज वरखाली करणारे 'लॉक' जेवढे रुंद, तेवढेच जहाज. याच सरोवरांच्या मार्गावरील सू येथील पो लॉक ११० फूट रुंद असल्याने ही जहाजे रुंदीला १०५ फुटांवर थांबली.

गोदावरीवरही लॉक बांधून जलमार्ग करण्याचा प्रयत्न झाला होता, हे महाराष्ट्रात फारसे आठवले जात नाही. ब्रिटिश अभियंते आर्थर कॉटन यांच्या आग्रहातून आणि हेग या अभियंत्याच्या देखरेखीखाली, हिंगणघाटकडचा कापूस वर्धा, प्राणहिता आणि गोदावरीमार्गे काकिनाड्याला न्यावा म्हणून, दुम्मागुडेम, इंचमपल्ली आणि सिरोंचाच्या वरची देवलमारी या तीन खडकाळ पट्ट्यांना वळसा घालण्यासाठी बंधारे, कालवे आणि लॉक यांची कामे सुरू झाली. दुम्मागुडेमचे काम बरेच पुढे गेले, वरची दोन अपुरी राहिली. खरी अडचण मात्र हंगामाची होती: नदीला बोटीपुरते पाणी पावसाळ्यात आणि त्यानंतर थोडे दिवस, तर कापसाची वेचणी दिवाळीच्या सुमारास सुरू होऊन माल बाजारात येतो तो पाणी ओसरल्यावर. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली, बारमाही वाहतूक हाती आली आणि १८७१ मध्ये योजना सोडून देण्यात आली. उथळ पाण्यातील सपाट तळाच्या बोटींपलीकडे येथील बांधणी गेली नाही, याला कारागिरीची उणीव कारण नव्हती. अहेरीचे उत्तम सागवान तर याच प्रवाहाच्या काठी उभे होते.

२०१६ च्या कायद्याने भद्राचलम ते नाशिक हा गोदावरीचा पट्टा राष्ट्रीय जलमार्ग ४ मध्ये आला, म्हणजे पैठणही कागदोपत्री जलमार्गावर आहे. तेथेच १९७६ मध्ये पूर्ण झालेल्या जायकवाडी धरणाला मात्र जहाज वर चढवणारे लॉक नाही.