बंदूक, बैल आणि भिंग : मोठ्या पाणपक्ष्यांच्या छायाचित्रणाची कथा

थंडी सुरू झाली की आपल्या वडोदऱ्यातली अनेक कुटुंबे एखाद्या रविवारी पहाटेच डभोईच्या रस्त्याला लागतात. वढवाणा तलावावर पाहुणे पक्षी उतरलेले असतात, आणि हल्ली घरटी एकाच्या तरी गळ्यात कॅमेरा असतोच. दुपारी परतल्यावर चित्रे दाखवली जातात. पक्षी मोठा दिसतो, डोळा लखलखीत असतो, पिसन्‌पिस मोजता येते. मात्र चित्र वढवाण्याचे, नळ सरोवराचे की एखाद्या प्राणिसंग्रहालयाचे, हे सांगणाऱ्यालाच आठवावे लागते. मोठ्या पाणपक्ष्याचे चांगले छायाचित्र म्हणजे काय, या प्रश्नाला सुमारे एकशे चाळीस वर्षांचा इतिहास आहे. तो पाहिला तर चौकटीत काय ठेवावे आणि काय वगळावे, हे ठरवणे सोपे जाते.

या इतिहासाच्या आरंभीच पेलिकन भेटतो. मराठीत आपण त्याला झोळीवाला म्हणतो, गुजरातीत तो पेण. एत्येन-ज्यूल मारे या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाला पक्षी नेमका कसा उडतो हे जाणून घ्यायचे होते. १८८२ साली त्याने बंदुकीच्या आकाराचा कॅमेरा बनवला. खांद्याला लावायचा, नेम धरायचा, चाप ओढायचा. गोळीऐवजी सेकंदाला बारा चित्रे मिळत. पुढे एकाच काचेवर उडत्या पेलिकनच्या लागोपाठच्या अवस्था त्याने टिपल्या. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरा पक्षी, पंख वर, पंख खाली, पंख पसरलेले. पांढरा पक्षी गडद पार्श्वभूमीवर उठून दिसतो, हा धडा तिथूनच मिळतो. पण त्या चित्रात पाणी नाही, काठ नाही, थवा नाही. मारेला पंखांची हालचाल हवी होती, पक्ष्याचे घर नको होते.

पक्ष्याच्या घरापर्यंत गेले ते इंग्लंडमधील यॉर्कशरचे रिचर्ड आणि चेरी कीर्टन हे बंधू. १८९५ साली त्यांचे ब्रिटिश पक्ष्यांच्या घरट्यांवरील पुस्तक निघाले, त्यातील चित्रे प्रत्यक्ष जागेवर काढलेली छायाचित्रे होती. तेव्हाचा कॅमेरा जड, काचा जड, आणि दूरचे जवळ आणणारी भिंगे आजच्यासारखी नव्हती. म्हणून पक्ष्याच्या जवळ जावे लागे, आणि माणूस जवळ गेला की पक्षी उडून जाई. यावर कीर्टन बंधूंनी अजब तोड काढली. बैलाचे कातडे सांगाड्यावर चढवून त्यांनी पोकळ बैल तयार केला आणि त्याच्या पोटात कॅमेरा घेऊन बसले! आपण पोळ्याला बैल सजवतो. त्यांनी बैलच दडण्याची जागा केला. गमतीचा भाग सोडला तरी त्यामागचे तत्त्व आजही खरे आहे. पक्ष्याला आपली भीती वाटली नाही तरच तो नेहमीसारखा वागतो, आणि तेव्हाच चित्रात जीव येतो.

याच सुमारास अमेरिकेत फ्लोरिडातील इंडियन नदीच्या एका छोट्या बेटावर तपकिरी पेलिकनांची वसाहत होती. बायकांच्या टोप्यांवर पिसे खोवण्याची फॅशन जोरात असल्याने पाणपक्ष्यांची सर्रास कत्तल चालू होती. न्यूयॉर्कच्या संग्रहालयातील पक्षीतज्ज्ञ फ्रँक चॅपमन या बेटावर जाऊन आले आणि १९०० साली कॅमेऱ्याने पक्ष्यांचा अभ्यास कसा करावा यावर त्यांनी पुस्तक लिहिले. त्यातही पेलिकन बेट आहे. चॅपमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाजू मांडल्यावर राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी १४ मार्च १९०३ रोजी ते बेट राखीव केले. पक्ष्यांसाठी अमेरिकन संघराज्य सरकारने राखलेली ती पहिली जागा. रखवालदार पॉल क्रोगेल यांचा पगार महिना एक डॉलर! त्या काळच्या भिंगांत एकटा पक्षी चौकट भरून येत नसे. घरटी, पिल्ले, चिखल, पाणी सगळे बरोबर येई. यंत्राची ती मर्यादा होती, पण त्यामुळेच ते छायाचित्र त्या जागेची साक्ष ठरले.

आपल्याकडे त्या काळात पाणपक्ष्यांचे जे छायाचित्र घराघरांत, संस्थानी अल्बमांत दिसे, त्याची रचना ठरलेली होती. मध्यभागी साहेब किंवा राजेसाहेब, हातात बंदूक, आणि पायाशी मेलेल्या बदकांची रास. भरतपूरला १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारीत एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेले. तेच भरतपूर पुढे राष्ट्रीय उद्यान झाले. बंदुकीची जागा कॅमेऱ्याने घेतली ती अशी हळूहळू, एकेका माणसाच्या मतपरिवर्तनातून.

या बदलात मुंबईचे डॉ. सालिम अली यांचा वाटा मोठा. १९४५ साली कच्छच्या पक्ष्यांवरचे त्यांचे पुस्तक आले, आणि गुजरातच्या पक्ष्यांची त्यांनी केलेली पाहणी १९५४-५५ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. कच्छच्या मोठ्या रणात रोहित पक्ष्यांचे प्रचंड विणीचे नगर आहे. १९४५ मध्ये तिथे सुमारे पाच लाख पक्षी असावेत, असा त्यांचा अंदाज होता. चिखलाच्या बुटक्या शंकूंसारखी घरटी क्षितिजापर्यंत पसरलेली. अशा ठिकाणी एका पक्ष्याच्या चोचीचे चित्र कितीही सुरेख असले तरी ते काय सांगणार? सिंगापूरचे चित्रपट व्यावसायिक लोक वान थो महायुद्धामुळे भारतात आले, सालिम अलींचे स्नेही झाले, त्यांच्याबरोबर भटकले आणि नामवंत पक्षी-छायाचित्रकार ठरले. मद्रासचे मा. कृष्णन तर स्वतः जुळवलेल्या कॅमेऱ्याने आयुष्यभर कृष्णधवल चित्रे काढत राहिले. साधन महाग असो वा घरगुती, या सगळ्यांकडे वाट पाहण्याची तयारी होती.

आता आपल्या दाराशी येऊ. वढवाणा हा निसर्गनिर्मित तलाव नव्हे. श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत, १९०९-१० च्या सुमारास, शेतीच्या पाण्यासाठी तो बांधला गेला. पक्षी आले ते त्यानंतर. २०२१ मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून रामसर यादीत स्थान मिळाले. इंदूरच्या आपल्या बांधवांकडेही असेच आहे. होळकरांच्या राज्यात झालेला सिरपूर तलाव २०२२ मध्ये त्याच यादीत गेला. याच महाराजांच्या कलाभवनात दादासाहेब फाळके छायाचित्रण शिकले, आणि पुढे कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ त्यांनी दिवसेंदिवस चिकाटीने टिपली. तलाव आणि कॅमेरा, दोन्ही वारसे आपल्याला एकाच राज्यातून मिळाले आहेत.

त्या वारशाला शोभेल असे चित्र काढायचे तर काही गोष्टी अनुभवी लोक आवर्जून सांगतात. मोठा पक्षी जड असतो. पेलिकन पाण्यावर पाय मारत, धावत उठतो, आणि उठताना व उतरताना वाऱ्याला सामोरा जातो. म्हणून वारा आणि सकाळचे ऊन दोन्ही आपल्या पाठीशी असतील अशी जागा धरावी; पक्षी आपल्याकडे तोंड करून येतो. कॅमेरा शक्य तितका पाण्याच्या पातळीजवळ न्यावा, म्हणजे मागचा काठ धूसर होतो आणि प्रतिबिंब पुरे मिळते. प्रतिबिंबाची चोच चौकटीत कापू नये. पक्षी ज्या दिशेला पाहतो तिकडे मोकळी जागा सोडावी. थव्यात एकाची चोच दुसऱ्याच्या मानेत घुसलेली दिसते. ती सुटी होईपर्यंत थांबावे. गडद पाण्यावर छोटा पांढरा पक्षी असेल तर कॅमेरा फसतो आणि पिसे पांढरीफटक होतात, तेव्हा प्रकाश थोडा कमी करावा. पक्ष्याने चौकट भरली असेल तर उलट, थोडा वाढवावा.

आज भिंगे इतकी लांब पल्ल्याची झाली आहेत की कीर्टन बंधूंच्या बैलाची गरज उरली नाही. तरीही अजून जवळ, अजून मोठा, ही हाव सुटत नाही. पक्षी उडावा म्हणून काठावरून टाळ्या वाजवणारे, खडे टाकणारे आपण पाहतो. विणीच्या वसाहतीत याचा परिणाम भयंकर होतो. आईबाप उठले की अंडी आणि उघडी पिल्ले उन्हात पडतात, कावळे-घारी टपलेल्याच असतात. घरट्याचे चित्र सोडून देणे हाही छायाचित्रकाराचा निर्णय असतो.

आणि शेवटची गोष्ट चौकटीची. एक चित्र पक्ष्याचे जवळून जरूर काढावे, पण दुसरे असे काढावे की त्यात पाणी किती आहे, काठावर कोणते पीक आहे, थवा केवढा आहे, हे दिसेल. पावसाचे मान, नर्मदेचे कालवे, वाढते शहर, यांमुळे आपले तलाव बदलत आहेत. पन्नास वर्षांनी वढवाणा कसा होता हे कोणी विचारील तेव्हा डोळ्याची लकाकी उपयोगी पडणार नाही. काठ दिसणारे चित्र पडेल. आपल्या मंडळाच्या प्रदर्शनात यापुढे प्रत्येक पक्षिचित्राखाली नावाबरोबर जागा, तारीख आणि वेळ लिहिण्याचा पायंडा पाडता येईल. खर्च काहीच नाही, आणि पुढच्या पिढीला आपल्या तलावाचा इतिहास आयता मिळेल.